लाल पेशींच्या आजारावर आयुष्य घालवलेली लुसी विल्स, परळमध्ये तिने नक्की काय केलं?

तन्वी_लॅबवाली :
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय. मी डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) आहे, हिमॅटॉलॉजीच्या म्हणजे रक्तशास्त्राच्या मॅडमनी सेमिनार दिलाय की लाल पेशी आणि त्यांचे आजार यावर ज्यांनी उभं आयुष्य काढलं असा एक शास्त्रज्ञ निवडा आणि वीस मिनिटं बोला. रक्तगटवाला लँडस्टायनर पहिल्याच दिवशी गेला, हिमोग्लोबिनची रचना शोधणारा पेरुट्झ दोघांनी घेतलाय. मला लुसी विल्स घ्यायचीय.

कारण घरातलंच आहे. माझ्या मावशीला दुसऱ्या खेपेला सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन ६.८ आलं होतं, दोन महिने लोहाचं टॉनिक नेमाने घेतलं तरी आकडा जागचा हलला नाही, जिभेची आग व्हायची, एक जिना चढला की धाप लागायची, आणि घरात सगळे तिलाच बोलायचे की तू औषध वेळेवर घेत नसशील. शेवटी एका दुसऱ्याच लॅबमधल्या ताईंनी एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ११४ बघून स्वतःहून स्मिअर केला (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला) आणि डॉक्टरांना फोन करून सांगितलं की पेशी लहान नाहीयेत, चांगल्या मोठ्या आहेत, हा नुसत्या लोहाचा प्रश्न नाही. मग बाकीच्या तपासण्या होऊन फोलिक ॲसिड सुरू झालं आणि मावशी पंधरा दिवसांत माणसात आली. मी लॅबच्या लाइनला आले ती त्या ताईंमुळे.

तर त्या फोलिक ॲसिडचा माग काढत गेले की लुसी विल्स हे नाव येतं आणि सोबत मुंबई, परळ, गिरणी कामगार बायका आणि मार्माइट नावाचा काहीतरी पदार्थ. हे खरंय का? तिने नक्की काय शोधलं, कारण फोलिक ॲसिड तर तिने शोधलं नाही असंही वाचलं. आणि वीस मिनिटांत मधोमध काय ठेवू?

जुना_स्मिअरवाला :
तन्वी, निवड फार चांगली केलीस. मी चौतीस वर्षं रक्ताच्या लॅबमध्ये काढली, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, राग मानू नकोस.

हो, परळच. १९२८ साली ती इंग्लंडहून मुंबईत आली आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम सुरू केलं. मार्गारेट बाल्फोर नावाच्या डॉक्टर इथे बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी करत होत्या, त्यांनी तिला बोलावून घेतलं, आणि ती चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनची होती. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या बायका गरोदरपणात अशा काही पांढऱ्याफटक पडायच्या आणि त्यातून मरायच्या की बाल्फोर बाईंना त्याचा छडा लावायचाच होता.

आता यातली गोम समजून घे. या बायकांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर ते पर्निशस ॲनिमियासारखंच दिसायचं, मोठ्या मोठ्या लाल पेशी, संख्येने थोड्या. म्हणून त्याला नावच पडलं होतं गरोदरपणातला पर्निशस ॲनिमिया. पर्निशस ॲनिमियावर १९२६ मध्ये अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी लिव्हर खाऊ घालून उपाय काढला होता, म्हणजे सरळ हिशेब असा की दिसायला तोच आजार तर औषधही तेच. पण तो आजार सहसा उतारवयात येतो, हातापायांच्या नसांवर जातो. इथे तर विशी-पंचविशीतल्या पोरी, नसांचा त्रास नाही, आणि बाळंतपणातून वाचल्या तर पुष्कळदा पुढे आपापल्या सावरायच्या. दिसायला एक आणि वागायला वेगळं. हे तिने सोडून दिलं नाही, इथेच तिचं मोठेपण आहे असं मला वाटतं.

आधी तिने जंतू शोधले, विष्ठा तपासली, काही हाती लागलं नाही. मग ती घरोघरच्या ताटाकडे वळली. तळपदे नावाच्या सहकाऱ्याबरोबर तिचा १९३० च्या सुमाराचा एक लेख आहे, मुंबईतल्या बायकांचा आहार आणि त्या कशा परिस्थितीत राहतात याची पाहणी. पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान बायकांमध्ये हा आजार जास्त दिसत होता, आणि आजारी पडणाऱ्या बायकांच्या जेवणात फळं, भाजीपाला, सकस असं जवळपास काही नव्हतं.

हेही ध्यानात ठेव की तेव्हा पेशी मोजणारं आपलं काउंटर मशीन नव्हतं. पिपेट तोंडाने ओढायची, चेंबरमध्ये, म्हणजे चौकटी आखलेल्या काचेत, भरायचं आणि एकेक पेशी डोळ्याने मोजायची, प्रत्येक बाईची, पुन्हा पुन्हा. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही थोडे दिवस तसं केलंय, दहा-बारा नमुन्यांनंतर डोळ्यांसमोर नुसत्या चौकटी नाचतात.

क्ष_किरण७ :
मी म्हणेन की भेंडे घे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला, लाल पेशीवर एच अँटिजेन ही खूणच नसते म्हणून ए, बी, ओ काहीच चालत नाही, त्या माणसाला फक्त त्याच गटाचं रक्त लागतं. तोही मुंबईचाच विषय आणि आपला माणूस.

जुना_स्मिअरवाला :
भेंड्यांचं काम मोठंच आहे, त्यावर वेगळा धागा निघायला हवा. पण तो गट म्हणजे आजार नाही, त्या माणसाचं बाकी सगळं ठणठणीत असतं, आणि हिला मॅडमनी आजार सांगितलाय. शिवाय मावशीची गोष्ट तिच्याकडे आहे, ती दुसऱ्या कुणाकडे नाही.

पॅथॉलॉजीवाली_रेवती :
वरच्या काकांनी पाया छान घातलाय, मी उंदरांपासून पुढचं सांगते कारण सेमिनारमध्ये लोक हा भाग गाळतात आणि मला तोच सगळ्यात आवडतो.

तिने मुंबईच्या त्या बायकांसारखा आहार उंदरांना दिला. उंदीर ॲनिमिक झाले. आहारात यीस्ट घातलं तर होत नव्हते. किती सरळ वाटतं ना, आजार सापडला, उपाय सापडला. पण नंतर कळलं की उंदरांच्या रक्तात बार्टोनेला नावाचा जंतू होता, उवांमधून पसरणारा, आणि ॲनिमिया त्याने होत होता. म्हणजे एवढी मेहनत करून उभा केलेला पुरावा गेला. मग तिने माकडांवर काम केलं, तिथे निकृष्ट आहार दिल्यावर खरोखर मोठ्या पेशींचा ॲनिमिया झाला, आणि मार्माइट दिल्यावर बरा झाला. मार्माइट म्हणजे बीअर गाळताना उरणाऱ्या यीस्टचा काळपट घट्ट अर्क, इंग्लंडमध्ये लोक ब्रेडला लावून खातात.

मग तेच इथल्या आजारी बायकांना दिलं आणि त्या सावरल्या. हा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९३१ मध्ये आला, आणि त्यात तिने हेही लिहिलंय की लिव्हरच्या अर्काइतकाच गुण येतो आणि भारतात हे त्याहून स्वस्त पडतं. मला हे वाक्य खूप महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या बाईला हे औषध लागणार होतं तिच्या घरी पैसे किती आहेत हे तिला ठाऊक होतं.

आता तुझा प्रश्न, तिने शोधलं काय. लिव्हरचे अर्क हळूहळू जास्त जास्त शुद्ध मिळायला लागले होते, आणि तिने बघितलं की पर्निशस ॲनिमियावर चालणारा शुद्ध अर्क या बायकांना लागूच पडत नाही, कच्चा अर्क मात्र पडतो. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी फेकलं जातंय आणि या बायकांना नेमकं तेच हवंय! १९३७ मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं, की मोठ्या पेशींच्या ॲनिमियाला एक नाही, दोन वेगवेगळे घटक आहेत. पुढे लोक त्याला विल्स फॅक्टर म्हणायला लागले. शुद्ध अर्कातला घटक म्हणजे बी ट्वेल्व्ह, तो १९४८ मध्ये वेगळा काढला गेला. विल्स फॅक्टर म्हणजे फोलेट, आपलं फोलिक ॲसिड, ते १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून काढलं आणि फोलियम म्हणजे पान म्हणून हे नाव पडलं. १९४५ मध्ये अमेरिकेत लेडर्ली कंपनीत ते प्रयोगशाळेत बनवलं गेलं, आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमावरमचे. त्यांच्याच लॅबमधून फोलेटला अडवणारी औषधं निघाली, ॲमिनोप्टेरिन, पुढे मेथोट्रेक्सेट, जी डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मुलांना दिली. म्हणजे पेशीला वाढायला काय लागतं हे परळच्या बायकांच्या रक्तातून कळत गेलं आणि तीच वाट अडवून कॅन्सरच्या पेशी रोखायचा विचार त्यातून पुढे निघाला. याला एक स्लाइड नक्की दे.

तन्वी_लॅबवाली :
बापरे, रेवतीताई, उंदरांचं मला अजिबातच माहीत नव्हतं, मी जे दोनचार लेख वाचले त्यात थेट मार्माइट आणि बाया बऱ्या, एवढंच होतं. काका, तुमचं चेंबरचं वाचून मी आजच प्रॅक्टिकलला मुद्दाम हाताने काउंट केला, पाच नमुन्यांतच डोळे दुखले. एक विचारायचं राहिलं, फोलेट कमी पडलं की पेशी मोठी का होते, लहान का नाही? मॅडम हे नक्की विचारणार.

पॅथॉलॉजीवाली_रेवती :
पेशीचं विभाजन व्हायचं तर आधी डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते, त्यातल्या चार अक्षरांपैकी थायमिडीन बनवायला फोलेट लागतं. फोलेट नाही तर डीएनए अडतो, पण बाहेरच्या पेशीद्रव्यात हिमोग्लोबिन बनायचं काम चालूच राहतं. म्हणजे पेशी वाढत जाते पण दुभंगत नाही. अस्थिमज्जेत या अर्ध्यावर अडकलेल्या मोठ्या पेशी म्हणजे मेगॅलोब्लास्ट, त्यातल्या पुष्कळशा तिथेच मरतात आणि ज्या बाहेर येतात त्या संख्येने कमी, आकाराने मोठ्या. लोहाच्या कमतरतेत बरोबर उलटं, तिथे हिमोग्लोबिनच बनत नाही म्हणून पेशी लहान आणि फिक्या. आणि गरोदरपणातच का, तर बाळाच्या आणि वारेच्या पेशी झपाट्याने वाढत असतात, फोलेटची गरज वाढते, आणि शरीरात साठा असतो तीनचार महिन्यांचा. बी ट्वेल्व्हचा साठा वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून ताट निकृष्ट असलं की आधी फोलेट संपतं.

गिरणगावची_नात :
हा धागा वाचून राहवलं नाही. माझी पणजी रत्नागिरीकडून आलेली, गिरणीत रिळिंग खात्यात होती, नेमकी त्याच काळात. तिचं चौथं बाळंतपण झालं आणि ती गेली, आजी तेव्हा पाच वर्षांची. घरात एवढंच सांगितलं जायचं की तिला पांढरी कावीळ झाली, अंगात रक्तच राहिलं नव्हतं. तो हाच आजार होता असं मी म्हणत नाही, कसं म्हणणार, कुणी तिचं रक्त तपासलं नव्हतं. पण आजी सांगायची की पणजी सगळ्यांना वाढून शेवटी बसायची आणि तेव्हा टोपात कालवणाचं पाणी उरलेलं असायचं.

तन्वी, एक गोष्ट तुझ्या सेमिनारला जोडता येईल. १९२८ म्हणजे गिरण्यांच्या मोठ्या संपाचं साल, एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद होत्या, म्हणजे लुसीबाई आल्या त्याच वर्षी परळ-लालबागमध्ये चुली अर्ध्या पेटत होत्या. आणि पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला, देशात पहिला. बायकांच्या जिवाकडे तेव्हा सगळ्या बाजूंनी लक्ष जायला लागलं होतं. लॅबमधली बाई एकटी नव्हती, बाहेर मोर्चेही होते, हे सांग प्लीज. माझी पणजी त्यातलीच एक होती आणि तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

जुना_स्मिअरवाला :
ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझी आईही शेवटीच बसायची.

लीड्सची_सई :
मी इंग्लंडमध्ये राहते, इथून थोडी भर. मार्माइट आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, चव भयंकर खारट, माझी मुलं आवडीने खातात. आता त्यात फोलिक ॲसिड आणि बी ट्वेल्व्ह वरून घातलेलं असतं, त्यामुळे आजची बाटली म्हणजे तेव्हाची नव्हे, हे कुणी विचारलं तर सांग.

बाईंचं आयुष्यही छान आहे. जन्म १० मे १८८८. केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतीशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली, मग दक्षिण आफ्रिकेत गेली, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिथे नर्सचं काम केलं, आणि परत येऊन लंडनला बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये डॉक्टर व्हायला बसली. डॉक्टर झाली १९२० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी. आमच्याकडे पोरीने तिशीत लाइन बदलली तर किती बोलतात लोक! मुंबईत आली तेव्हा चाळिशीची होती. भारतात ती कुन्नूरला आणि मद्रासलाही काम करून आली. नंतर लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट होती, दुसऱ्या महायुद्धात बाँब पडत असतानाही, आणि १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावर पुन्हा जमैका, फिजी अशा ठिकाणी जाऊन बायका-मुलांच्या ॲनिमियावर काम केलं. कामावर सायकलने जायची, डोंगर चढायची, चेल्सीमध्ये लेबर पक्षाची नगरसेविका होती. १९६४ मध्ये गेली. २०१९ मध्ये तिच्या वाढदिवसाला गूगलने डूडल केलं होतं, मी तेव्हाच नाव पहिल्यांदा ऐकलं.

आणि नोबेल १९३४ मध्ये लिव्हरच्या उपायाला मिळालं, व्हिपल, मायनट आणि मर्फी या तिघांना. तिच्या कामाचं वजन पुढे खूप वर्षांनी कळत गेलं. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास आला, सात देशांतल्या १,८१७ बायका, ज्यांच्या आधीच्या बाळाला मणक्याचं व्यंग होतं, त्यांना गरोदर राहायच्या आधीपासून फोलिक ॲसिड दिलं तर ते पुन्हा व्हायचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. मला दोन्ही खेपेला इथल्या मिडवाइफने पहिल्याच भेटीत विचारलं, फोलिक ॲसिड कधीपासून घेतेयस?

डॉ_मनवा :
स्त्रीरोग बघते, ग्रामीण भागात. धागा सुंदर चाललाय पण एक गोष्ट ठासून सांगायची आहे कारण हे वाचून कुणीतरी मेडिकलमधून फोलिक ॲसिड आणून खाणार. मोठ्या पेशी म्हणजे फोलेटच असं नाही. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी ट्वेल्व्हची कमतरता खूप दिसते, आणि ती असताना नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. तन्वीच्या मावशीच्या बाबतीत बाकीच्या तपासण्या आधी झाल्या, ते बरोबर झालं.

पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. याज्ञिक यांच्या टीमने गरोदर बायका आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं बघितली आहेत. त्यांचा २००८ चा निष्कर्ष असा की ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर पण बी ट्वेल्व्ह कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिकार सगळ्यात जास्त होता. लुसी विल्सने जे दोन घटक वेगळे करून दाखवले ते अजूनही एकमेकांशी जोडूनच बघावे लागतात. तुझ्या सेमिनारचा शेवट इथे आणलास तर तो आजचा विषय होईल.

आशाताई ज्या लाल गोळ्या देतात त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, गरोदरपणात रोज एक, १८० दिवस. त्या गोळीतला अर्धा इतिहास परळचा आहे हे मी माझ्या आशाताईंना उद्याच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे. तरीही देशात गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के ॲनिमिक निघाल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत. गोळी पोचते, पोटात जातेच असं नाही. शी काळी होते, मळमळतं, सासू म्हणते बाळ काळं होईल. मी रोज हेच समजावत असते.

तन्वी_लॅबवाली :
सगळ्यांचे मनापासून आभार, मी रात्री जागून हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. माझं ठरलं. मधोमध ठेवणार ते दिसायला एक आणि वागायला वेगळं हे काकांचं वाक्य, आणि त्याभोवती उंदीर, माकडं, शुद्ध अर्क, दोन घटक. गिरणगावची ताई, तुमच्या पणजीचं सांगितलं तर चालेल का, नाव न घेता? मी सुरुवात त्यांच्या टोपातल्या कालवणाच्या पाण्यापासून करीन म्हणते.

मॅडमना मावशीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या मोठ्या पेशींची एक जुनी स्लाइड आहे डिपार्टमेंटला, ती सेमिनारला लावून सगळ्यांना दाखव. काका, मी आत्तापर्यंत लहान पेशीच बघितल्यात, मोठी आहे हे ओळखायचं कसं नुसत्या डोळ्याने?

गिरणगावची_नात :
चालेल गं. नाव घेऊनही चालेल. भागीरथी.

जुना_स्मिअरवाला :
शेजारचा छोटा लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारची पांढरी पेशी, शोध. लाल पेशी साधारण त्याच्या केंद्रकाएवढी असते, त्याहून ठळक मोठी आणि अंडाकृती दिसली की ती आपली. मग न्यूट्रोफिल ही दुसरी पांढरी पेशी बघ, केंद्रकाचे पाच-पाच, सहा-सहा पाकळ्यांसारखे भाग दिसतील, तो दुसरा साक्षीदार. स्मिअरच्या टोकाला जाऊ नकोस, तिथे सगळ्याच पेशी पसरून मोठ्या दिसतात, आणि जाड भागातही नको. मधे, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तिथे थांब, आधी चाळीसच्या लेन्सवर जागा पक्की कर आणि मगच तेल टाकून शंभरची लाव. जुनी स्लाइड आहे, लेन्सने चरा पडेल, फोकस हळू फिरव.